बाकावरचा नंबर

१

लातूर जिल्हा होऊन पहिलाच उन्हाळा होता. जिल्हा नवा, कचेऱ्यांच्या भिंतींना अजून चुन्याचा वास, आणि पाण्याच्या नावानं ठणठणाट. अहमदपूरहून लोह्याकडे जाताना, नांदेडच्या हद्दीला लागून एक उघडा माळ आहे. तिथल्या विहिरीवर मला पाठवलं. इंजिन चालवायचं, टँकर भरायचे, पाण्यात जंतू मारायची पावडर टाकायची, एवढंच काम. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नापास झालेला माणूस, पण नापास झालो म्हणून विज्ञानावरचा विश्वास काही उडाला नव्हता.

माळाला लोक कॅम्प म्हणत. महायुद्धात तिथं परदेशी वैमानिकांचा तळ होता. दीड वर्ष राहिले आणि गेले. मागे उरली ती गवतानं फोडलेली धावपट्टी, चार पत्र्याच्या खोल्या, एक लांब कौलारू शेड आणि ही विहीर. आसपासच्या बारा गावांचे आड कोरडे पडले तरी ती रोज सकाळी दोन परस, म्हणजे दोन माणसं बुडतील एवढी, भरायची.

पत्र्याच्या एका खोलीत मी आणि बायको रुद्राणी राहत होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. खरं तर ती उन्हाळ्यात उदगीरला माहेरी जायची होती, मीच अडवली. ‘मला करमणार नाही’ असं तिला सांगितलं. भाकरी कोण थापणार, हे खरं कारण होतं. सासूबाई शरणम्मांना शब्द दिला, ‘आखितीला आणून सोडतो.’ त्या उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, “जावईबापू, सोन्यानाण्यानं मढवू नका, लेक जशी नेली तशी आणा, झालं.” मी हसलो. माळावर तिला काय होणार होतं?

रविवारी टँकरला सुट्टी. तो दिवस शेजारच्या माळेवाडीचा. लोक तांबडं फुटायच्या आत भांडी आणून रांगेत ठेवायचे आणि घरी जायचे. घागर, कळशी, तेलाचा डबा, काहीच नसलं तर धोंडा. भांडं ठेवलं की नंबर लागला. माणूस तिथं नसला तरी चालतं, कारण त्याचं भांडं म्हणजे तोच. दुसऱ्याच्या भांड्याला कोणी हात लावत नाही, लावला तर डोकी फुटतात. आणि एकदा भांडं रांगेतून उचललं, की त्या माणसाचा नंबर गेला.

“आपली घागर मी आधीच भरून ठेवतो,” मी रुद्राणीला म्हटलं होतं.

“न्हाई हो. बायका बोलतात. मी नंबरानंच भरीन,” ती म्हणाली. अशी ती सरळ होती.

एका रविवारी उन्हात रांग तापली आणि वाडीतल्या व्यंकटी नावाच्या माणसाच्या दोन सुनांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. तेव्हा मी अक्कल चालवली. शेडात सावली होती. आत सागवानी बाकांच्या दोन ओळी, सगळी एकाच दिशेला तोंड करून, समोर रिकामा दगडी ओटा. बाकांचे पाय फरशीत सिमेंटनं बसवलेले, म्हणूनच ती चाळीस वर्षं चोरीला गेली नव्हती. मी सांगितलं, भांडी बाकांवर ठेवा, नंबर ओळीनं लागेल, माणसांनीही सावलीत बसावं. वाडीची शेळीसुद्धा त्या शेडात शिरत नाही, हे मी पाहिलं होतं. पण शेळीच्या अकलेनं आपण का चालावं, असं मला वाटलं.

२

पुढच्या रविवारी भांडण झालं नाही. त्याचं मला इतकं कौतुक वाटलं की लातूरला कळवावं, असं मनात आलं.

साडेनऊला इंजिनाचा पट्टा घसरला. अर्धा तास लागेल हे सांगायला मी शेडाकडे गेलो, आणि दारात पाऊल ठेवण्याआधी जाणवलं की आतून आवाजच येत नाही. तीस-पस्तीस माणसं पाण्यासाठी बसलीत आणि आवाज नाही, असं माळेवाडीत कधी झालं नसेल. डोकावलो. प्रत्येकजण आपापल्या भांड्याशेजारी बसला होता. टेकून कोणी नाही, पाय पसरून कोणी नाही. भीमा नावाचा गडी एरवी उभ्या गावाची उणीदुणी काढायचा, तोही दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होता. रुद्राणी तिसऱ्या बाकावर कडेला होती. तिचा पदर डोक्यावर होता.

“पट्टा सुटलाय, अर्धा तास लागेल,” मी म्हणालो.

कोणी मागे वळून पाहिलं नाही. मग ते उठले. सगळे, एकदम. पस्तीस माणसांच्या पायांचा मिळून एकच आवाज झाला. मला वाटलं बाहेर येतायत, म्हणून मी दारातून बाजूला झालो. बाहेर कोणी आलं नाही. मी मोजत नव्हतो, पण चार-पाच मिनिटं तरी ते ओट्याकडे तोंड करून उभे राहिले असतील. मग तसेच एकदम खाली बसले.

पाणी सुटल्यावर मी मल्लम्माला विचारलं. मल्लम्मा म्हणजे वाडीतली सगळ्यात फटकळ म्हातारी. “मगाशी उठला होता का तुम्ही सगळे? कशासाठी?”

“कोन उठलं?” ती घागर कमरेवर घेत म्हणाली. “माझे गुडघे धरलेत रे बाबा. काम असल्याबिगर मी कशाला उठीन?”

“सगळेच उठलात की.”

“ऊन लागलं तुला. कांदा ठिव खिशात,” ती म्हणाली आणि निघून गेली.

रुद्राणीलाही विचारलं. ती म्हणाली, तिला डुलकी लागली होती. मी कांदा ठेवला नाही, पण टोपी घालायला लागलो.

३

त्या आठवड्यात घरात बारीकसारीक बदल व्हायला लागले. आधी अंथरूण. आम्ही ते गुंडाळून कोपऱ्यात टाकायचो. आता सकाळी दोन्ही वाकळा चौकोनी घडी करून बाजेच्या डोक्याकडे, कडेला कड जुळवून ठेवलेल्या दिसायला लागल्या. मला वाटलं, बरं झालं, नीटनेटकी झाली.

मग तिनं तिचं जुनं लुगडं बाजेच्या चार खुंटांना बांधलं आणि त्याच्या आत झोपायला लागली. मच्छरदाणी, म्हणाली. तोंड धुवायला डबकं नाही अशा माळावर मच्छर कुठून यायचे? पिण्याच्या तांब्यात ती माझ्या पिंपातली पावडर चिमटीनं टाकायची आणि तोंड वाकडं करून पिऊन टाकायची. विहिरीच्या पाण्यात मी आधीच पावडर टाकत होतो. तसं सांगितलं तर “टाकावी लागते” एवढंच म्हणाली.

या सगळ्याला मी कारणं शोधली. उन्हाळा, एकटेपण, माहेरची ओढ. पण बुधवारी सकाळी जे दिसलं त्याला कारण सापडेना. आम्हा लिंगायतांत रोज सकाळी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. पाण्याची इतकी टंचाई, तरी चार थेंब त्यासाठी ती वेगळे ठेवायची. त्या दिवशी ती पाटावर बसली होती, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून हनुवटीखाली धरलेली. लिंग गळ्यातच होतं. पाण्याचे थेंब वाटीत होते.

“पूजा?” मी विचारलं.

“झाली की,” ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज उजाडायला बाहेर जाऊन धावपट्टीकडे तोंड करून उभी राहायची. आभाळात बघायची. ओठ हलायचे.

“काय मोजतेस?”

“परत आलेले.”

“कोण परत आलेले?”

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मीच काहीतरी वेड्यासारखं बोललो असा तिचा चेहरा झाला. “चहा घ्या, निवून राहिला,” ती म्हणाली. मी चहा घेतला. ती शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “अहो, आपल्याला घरी कधी पाठवतील?”

“आखितीला. मी नेणार आहे ना तुला उदगीरला.”

“तारीख सांगितली का त्यांनी?”

“कुणी?”

ती हसली. मला तिचं हसणं फार आवडायचं. त्या दिवशी मात्र मी उठून इंजिनाकडे निघून गेलो.

४

वाडीत सटवाजी नावाचा सत्तरीचा म्हातारा होता. रविवारी सगळ्यांची भांडी शेडात होती, याचा एकट्याचा धोंडा बाहेर उन्हात. महायुद्धात तो कॅम्पात पाणी वाहायचा, असं कळलं. शनिवारी दुपारी मी त्याच्या झोपडीवर गेलो.

“सटवाजीमामा, तुमचा नंबर शेडात का नाही लावत?”

“आपलं बाहीरच बरं हाय.” तो दोरी वळत होता. मग आपणच बोलायला लागला. “पोरंच होती ती, सायब. ईस-बावीस वर्साची. आपलं ऊन त्यायला कुठून सोसतंय? मान बघावी तर घामोळ्यानं लालेलाल. हिवतापाच्या गोळ्या खाऊन डोळे पिवळे. पानी पिताना तोंड असं करायची, पावडरीचं पानी. सांच्याला बाजंवर बसून घरच्या चिठ्ठ्या वाचायची, येकच चिठ्ठी धा डाव. लई कीव यायची मला.”

“आणि शेड?”

“ऐतवारी त्यायच्या धर्माचा सायब यायचा मोटारीत. सगळी शेडात बसायची. उठायची, गायची, पुन्ना बसायची.”

“उठायची?” मी मध्येच विचारलं.

“हाव. समदी येकदम. पन ऐतवारी बी इमानं जायचीच की. ज्याची पाळी असंल त्यो पहाटं टोपी ठिवून जायचा बाकावर. टोपी हाय म्हंजे जागा त्याची.”

“आणि तो परत आला नाही तर?”

सटवाजीनं वर पाहिलं. तेवढ्यात माळावरून टँकरचा हॉर्न ऐकू आला. एकदा, दोनदा, मग सलग. ड्रायव्हर उन्हात थांबायला तयार नसायचा. मी उठलो. “उद्या सांगा,” म्हणालो.

वाटेत मी स्वतःला समजावलं. ओळीत बाकं मांडली की माणूस शाळेतल्यासारखा वागतो. कुणीतरी एक उठतो, बाकीचे उठतात. रुद्राणीनं वाडीतल्या बायकांकडून जुन्या गोष्टी ऐकल्या असतील आणि मनाला लावून घेतल्या असतील. सगळं जुळत होतं. फक्त ती बोटं जुळत नव्हती. आखितीला अजून नऊ दिवस होते, पण नऊ दिवस थांबायचं नाही, असं मी ठरवलं. उद्याच उदगीर.

५

रविवारी उठलो तेव्हा रुद्राणी घरात नव्हती. घागरही नव्हती. मी ट्रंकेत तिच्या चार साड्या भरल्या. इंजिन सुरू करून वाडीतल्या एका गड्याला तिथं बसवलं आणि शेडाकडे गेलो. साडेनऊ वाजले होते. ऊन असं की विहिरीच्या कडेचा दगड पायाला भाजत होता.

दारात थांबलो. त्या आठवड्यात वाडीतली निम्मी माणसं रोजगार हमीच्या कामावर लांब गेली होती. वीसेक भांडी असतील, तेवढीच माणसं असायला हवी होती. पण बाकं भरलेली दिसली. मागून नुसत्या पाठीच दिसत होत्या, आणि कौलांच्या फटींतून उन्हाचे पट्टे पडल्यानं नीट काही कळत नव्हतं. तिसऱ्या बाकावर रुद्राणीचा हिरवा पदर दिसला. तिच्या डावीकडे तिची घागर. उजवीकडे कोणीतरी बसलं होतं.

मी त्याची मानच तेवढी पाहिली. केस वरपर्यंत कापलेले. मान लाल, सोललेली, पुरळानं भरलेली. गळपट्टीखाली जिथं ऊन पोचलं नव्हतं तिथं कातडी पांढरी फटक. मी पापणी मिटली आणि उघडली. उन्हाच्या पट्ट्यात रिकामं बाक होतं आणि त्याच्या पलीकडे भीमाचं मुंडासं.

भ्यालो. खोटं कशाला सांगू, पळून जावंसं वाटलं. पण ती आत होती. मी दोन ओळींच्या मधून चालत गेलो. कोणी वळलं नाही. तिच्या खांद्याला हात लावला, ती हलली नाही. दंडाला धरून ओढलं, तिनं बाक सोडलं नाही. सिमेंटात पाय असलेल्या बाकासारखीच ती घट्ट होती. तेव्हा काय सुचलं कोण जाणे, जे मी रांगेत कधी कुणाला करू दिलं नाही तेच केलं. तिची घागर उचलली.

“नंबर सोड. चल,” मी म्हणालो.

ती लगेच उठली. इतक्या सहज, की मीच अडखळलो. रांगेतलं भांडं उचललं की मागचा माणूस डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे सरकतो. इथं कोणी सरकलं नाही. सगळ्या बाकांवरच्या माना मात्र खाली गेल्या. मल्लम्माची, भीमाची, सगळ्यांची. सगळ्यांचे ओठ एकदाच हलले. बाहेर इंजिन धडधडत होतं, त्यामुळे काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

६

फाट्यावर लिंबाखाली एसटीची वाट बघत बसलो. रुद्राणी ट्रंकेवर बसली होती आणि, काय सांगू, ती पहिल्यासारखी झाली होती. पायाला चटके बसतात म्हणून माझ्यावर चिडली. गळ्यातलं लिंग हातात घेऊन म्हणाली, “अगं बाई, आज पूजा ऱ्हायली की माझी. तुम्हाला घाई सुटलीया.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड फिरवलं.

तेवढ्यात सटवाजी आला. तो लोह्याच्या बाजूला निघाला होता. मला एकदम हलकं वाटत होतं, म्हणून मीच विषय काढला. “मामा, काल राहिलं सांगायचं. परत नाही आला तर त्या टोपीचं काय व्हायचं?”

“काय व्हनार? ऱ्हायाची तितंच. दोन ऐतवार, चार ऐतवार. कुनी शिवायचं न्हाई. गडी येईल म्हनून जागा धरायची.” त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. “मग खबर यायची. खबर आली की त्यो धर्माचा सायब बाकापाशी येऊन टोपी उचलायचा. उचलली, की समद्यांच्या माना खाली. नाव घ्यायचे येक डाव. झालं, गडी गेला. मग त्याचं नाव पुन्ना कुनी काढायचं न्हाई.”

मी खाली बघितलं. घागर माझ्या पायाशी होती.

“का हो सायब? तोंड का उतरलं?” त्यानं विचारलं. एसटी आली, तशी मी ट्रंक आणि घागर उचलली.

खिडकीची जागा रुद्राणीला दिली. अहमदपूरला गाडी भरली. एक जाडजूड बाई आली आणि सरळ तिच्या अंगावर बसायला लागली. रुद्राणी कशीबशी बाजूला झाली आणि उठून उभी राहिली.

“ओ बाई, दिसत नाही का?” मी ओरडलो.

“काय दिसंना?” बाईनं वळून विचारलं. “जागा मोकळी हाय, म्हनून बसले. काय तिकटं घेतलीत का सीटची?”

मी भांडायला उठणार होतो. रुद्राणीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात गरम होता, नेहमीसारखा, बांगड्या कानाशी वाजल्या. “जाऊ द्या हो. मी उभी ऱ्हाते,” ती म्हणाली. उदगीर येईपर्यंत ती दांडा धरून उभी राहिली. लोक चढत होते, उतरत होते. कोणी तिला सरका म्हणालं नाही. मी खिडकीतून बाहेर बघायचं ठरवलं होतं आणि बघत राहिलो.

७

उदगीरला पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. गल्लीत ऊन तिरपं झालं होतं. रुद्राणी माझ्या पुढं चालत होती, माहेरच्या गल्लीत चालतात तशी भरभर. दाराशी मात्र थबकली, पदर सारखा केला आणि मला पुढे होऊ दिलं. कडी वाजवली.

शरणम्मांनी दार उघडलं. हातात सूप होतं. मला बघून तोंडभर हसल्या.

“शरणार्थ, अव्वा,” मी म्हणालो.

“शरणार्थ, शरणार्थ. या जावईबापू. आखिती लांब हाय की अजून!” त्यांनी माझ्या पाठीमागं बघितलं, डावीकडं, उजवीकडं, मग गल्लीच्या टोकापर्यंत. “आनि एकटेच? रुद्राणी कुठाय?”

ती माझ्या उजव्या हाताला उभी होती. तिच्या आईपासून दोन हातांवर. “अव्वा,” ती म्हणाली. “अव्वा, मी हाय ना.” शरणम्मा माझ्याकडंच बघत होत्या. त्यांचं हसू हळूहळू कमी होत होतं.

“काय झालं? बोलत का न्हाई? माझी लेक कुठाय?”

मी आजवर आयुष्यात पुष्कळ उत्तरं दिली आहेत, तपासणीला आलेल्या साहेबांना, भांडणाऱ्या गावकऱ्यांना. त्या उंबऱ्यात मला फक्त एवढंच कळत होतं, की आता जे बोलेन ते रुद्राणीलाही ऐकू जाणार आहे.

“ती येतेय,” मी म्हणालो. “मागून येतेय.”

शरणम्मांचा जीव भांड्यात पडला. “मग असं तोंड का केलंत? भिववलं की मला,” म्हणत त्या आत वळल्या आणि चुलीवर आणखी आधण ठेवायला गेल्या. जाताना लेकीसाठी दार सताड उघडं ठेवून गेल्या.

रुद्राणी माझ्याकडे बघत राहिली. आता तिलाही कळलं होतं. मग ती बाहेरच्या पायरीवर बसली, पाठ ताठ करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी तिच्या शेजारी बसलो. आतून सासूबाई दर थोड्या वेळानं विचारत होत्या, “आली का?” आणि मी दर वेळी सांगत होतो, “येतेय.”